जंतूच्या पोटातला जंतू

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत, कमलनगर येथे दिलेलं भाषण)





या व्याख्यानमालेत मोठमोठे वक्ते बोलून गेले. मी डॉक्टर नाही, प्राध्यापकही नाही. डिप्लोमा करून आरोग्य खात्यात लागलेला साधा सरकारी नोकर आहे. त्यामुळे मंडळानं विषय विचारला तेव्हा मी माझ्या कामाच्या वाटेवरचाच विषय दिला. तो आहे किड्यांच्या पोटात राहणाऱ्या परजीवींचा, आणि त्या परजीवींच्याही पोटात राहून त्यांना जगवणाऱ्या जीवाणूंचा. नाव ऐकून काही जण उठायच्या तयारीत दिसतात. थोडं थांबा. या गोष्टीचा शेवट आपल्या उंबऱ्यापाशीच होणार आहे.

आधी सर्वांत लहान मंडळींपासून सुरुवात करू. तळ्यावर, विहिरीवर आपण लांब पायांचा एक किडा पाहतो. पाण्यावर असा धावतो की जणू फरशीवर धावतोय. १९०८ च्या सुमारास मद्रासला पॅटन नावाचा एक इंग्रज डॉक्टर होता. त्यानं या किड्याचं आतडं फाडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. त्याला त्यात शेपटी हलवत फिरणारे एका पेशीचे जीव सापडले. असे जीव माशा, डास, ढेकूण, पिकांवरचे किडे अशा अनेकांच्या आतड्यात राहतात. एकच पेशी, एकच शेपटी. त्या शेपटीच्या बुडाशी, एकमेकांत अडकवलेल्या कड्यांसारखी जनुकद्रव्याची एक जाळी असते. ही या कुळाची खूण.

या कुळातले बहुतेक जण आयुष्यभर किड्यातच राहतात, माणसाच्या वाट्याला जात नाहीत. पण त्यांची काही भावंडं वाईट निघाली. बिहारकडचा काळा आजार करणारा जंतू याच कुळातला. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचाही त्यातलाच. घोड्यांना आणि उंटांना होणारा सर्रा रोग आपल्या जुन्या लोकांना माहीत असेल. त्याचा जंतू १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानं डेरा इस्माइल खानला शोधला. तोही याच घराण्यातला. हा जनावरांचा जंतू माणसाला होत नाही, असंच सगळे समजत होते. मात्र २००४ मध्ये महाराष्ट्रातल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. या जंतूला मारणारं एक प्रथिन आपल्या सगळ्यांच्या रक्तात असतं, ते त्याच्या रक्तात जन्मतःच नव्हतं, हे पुढं तपासात दिसलं. शेतकरी औषधानं बरा झाला. पण तुमच्या-माझ्या रक्तात एक अदृश्य राखणदार उभा आहे, हे जगाला त्याच्यामुळं नीट कळलं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या कुळातल्या सगळ्यांची एक अडचण आहे. रक्तात लोह धरून ठेवणारा जो घटक असतो, त्याला हीम म्हणतात. आपल्या रक्ताचा लाल रंग त्याच्यामुळंच. प्राणवायू वापरून जगणाऱ्या बहुतेक जीवांना हीम लागतं, अगदी एका पेशीच्या जीवालाही. या कुळातल्या जंतूंना ते पूर्णपणे स्वतः बनवता येत नाही. कुठून तरी उसनं आणावं लागतं. प्रयोगशाळेत त्यांना वाढवायचं तर त्यांच्या अन्नात हीम घालावंच लागतं.

पण काही मोजक्या जातींना ते घालावं लागत नाही. डासात सापडणारी एक जात आहे, स्ट्रिगोमोनास. माशांमध्ये आणि ढेकणाच्या जातीच्या किड्यांत सापडणारी दुसरी, अँगोमोनास. यांना साध्यासुध्या अन्नावर ठेवलं तरी ती वाढतात. असं कसं? सूक्ष्मदर्शकात नीट पाहिल्यावर उलगडा झाला. प्रत्येक पेशीच्या आत एक जीवाणू बसलेला आहे. एका पेशीत एकच. हीम बनवायच्या कामातला अडलेला भाग तो करतो. शिवाय काही आवश्यक अमिनो आम्लं आणि जीवनसत्त्वंही पुरवतो.

आपल्या गावगाड्यात लोहार होता, सुतार होता. शेतकरी फाळ स्वतः घडवत नव्हता, लोहार पेरायला जात नव्हता. सुगीला बलुतं दिलं की वर्षभराचं काम चालायचं. इथं लोहाराचं घर शेतकऱ्याच्या घरातच आहे, एवढाच फरक. आणि खरोखरच तो लोखंडाशी संबंधित काम करतो.

या दोघांचं नातं किती घट्ट असावं? पेशीची एकाची दोन व्हायची वेळ आली, की आधी आतला जीवाणू दुभंगतो, मग पेशीचं केंद्रक. वाटणी होताना दोन्ही लेकरांच्या वाट्याला एकेक जीवाणू येतो. कोणीही रिकाम्या हातानं घराबाहेर पडत नाही. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात प्रयोग केला. क्लोरॅम्फेनिकॉल हे जीवाणू मारणारं औषध देऊन त्यांनी आतला जीवाणू काढून टाकला. पेशी लगेच मेली नाही. पण तिला हीमसकट सगळं ताटात वाढून द्यावं लागू लागलं. पुढं असंही दिसलं की जीवाणू गेलेल्या पेशींना किड्याच्या आतड्याला नीट चिकटूनही राहता येत नाही.

तोटा जीवाणूलाही झाला आहे. तो डांग्या खोकल्याच्या जीवाणूच्या नात्यातला. त्या खोकल्याच्या जीवाणूची जनुकीय पोथी सुमारे ४१ लाख अक्षरांची, तर या घरजावयाची फक्त ८ लाखांच्या आसपास. घरात सगळं आयतं मिळायला लागल्यावर स्वतंत्र संसाराची पानं एकेक करून गळून गेली. आता त्याला बाहेर काढलं तर तो जगत नाही. दोघांचं एकमेकांवाचून अडतं.

तुम्ही म्हणाल, किड्याच्या आतड्यातल्या या भानगडीशी कमलनगरचं काय देणंघेणं? ते आता सांगतो.

आपला बीदर जिल्हा, शेजारचा कलबुर्गी, पलीकडे महाराष्ट्रातले लातूर, नांदेड, सोलापूर हे सगळे हत्तीरोगाच्या नकाशावरचे जिल्हे. कन्नड बोलणारे आपले शेजारी त्याला आनेकालू म्हणतात, आपण हत्तीपाय. सीमा माणसांनी आखली, डासांना ती माहीत नाही. उदगीरहून रेल्वेनं माणूस येतो तसा रोगही येतो, आणि इथून तिकडे जातोही.

हत्तीरोगाचा जंतू एका पेशीचा नाही. तो दोऱ्यासारखा कृमी आहे. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, नर त्याच्या निम्म्याहून लहान. माणसाच्या लसिकावाहिन्यांत ते गुंता करून पाच-सहा वर्षं किंवा त्याहून जास्तही राहतात आणि लाखो पिल्लं सोडतात. ही पिल्लं दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री अंगभर रक्तात येतात, कारण ती पुढं नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. म्हणून आमचे लोक रात्री आठ-साडेआठनंतर रक्ताचे नमुने घ्यायला येतात. "दिवसा काय झोपला होता का?" असं आम्हाला लोक विचारतात. झोपलेले आम्ही नसतो, जंतू असतो!

या शोधाचा एक मोठा धागा आपल्याच देशातला आहे. १८७२ मध्ये कलकत्त्याला टिमथी लुईस यांनी माणसाच्या रक्तात ही पिल्लं पाहिली. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी ती डासाच्या अंगात वाढताना पाहिली. एखादा किडा माणसाचा रोग वाढवतो, हे तेव्हा प्रथम दिसलं. मलेरियाचा डास सापडला तो यानंतर जवळपास वीस वर्षांनी.

आता दोन्ही गोष्टी जुळतात. १९७० च्या दशकात या कृमींच्या पातळ चकत्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना शास्त्रज्ञांना पेशींच्या आत बारीक जीवाणू दिसले. दिसले खरे, पण पुढची पंधरा-वीस वर्षं त्यांच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९९० च्या दशकात ओळख पटली. हा वॉल्बाकिया. हे नाव डासांच्या अभ्यासकांना जुनंच होतं. १९२४ मध्ये अमेरिकेत हर्टिग आणि वॉल्बाक यांनी तो क्युलेक्स डासातच पाहिला होता. म्हणजे डासाच्या अंगात एक वॉल्बाकिया, आणि त्याच डासातून प्रवास करणाऱ्या कृमीच्या अंगात त्याच्याच नात्यातला दुसरा वॉल्बाकिया. एका गाडीत बसलेले दोन भाऊबंद, पण एकमेकांशी बोलणं नाही.

कृमीतल्या या जीवाणूची जनुकीय पोथी २००५ मध्ये वाचून झाली. सुमारे १० लाख ८० हजार अक्षरं. त्यानंतर दोन वर्षांनी कृमीचीही वाचून झाली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर काय दिसलं? हीम बनवायची पानं कृमीच्या पोथीत नाहीत, जीवाणूच्या पोथीत आहेत. डासाच्या आतड्यातल्या एकपेशीय जीवाची अडचण आणि माणसाच्या पायातल्या कृमीची अडचण एकच निघाली, आणि दोघांनी शोधलेला उपायही एकच: घरात लोहार ठेवणे. दोन कुळं एकमेकांपासून अगदी दूरची, जीवाणूही वेगळे, तरी निसर्गानं तोच करार दोनदा लिहिला.

मालकावर थेट हात टाकता येत नसेल, तर त्याच्या लोहाराला गाठावं. जीवाणू मारणारी औषधं आपल्याकडे भरपूर. डॉक्सिसायक्लिन नावाची गोळी चार ते आठ आठवडे रोज दिली, तर आतला वॉल्बाकिया मरतो. मग मादी कृमीची पिल्लं होणं बंद होतं आणि वर्ष-दीड वर्षात मोठे कृमीही मरू लागतात. टांझानियातल्या रुग्णांवरच्या प्रयोगातून २००५ मध्ये हे स्पष्ट दिसलं.

इथं एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. येल्लाप्रगडा सुब्बाराव. १८९५ मध्ये आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेला हा माणूस अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या संशोधनाचा प्रमुख झाला. हत्तीरोगावर आज आपण जी डीईसी गोळी वाटतो, ती १९४७ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतून आली. आणि १९४८ मध्ये ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन वर्गातलं पहिलं औषध तिथूनच आलं. डॉक्सिसायक्लिन हे त्याच घराण्यातलं पुढचं भावंड. म्हणजे कृमीच्या पिल्लांना मारणारं औषध आणि कृमीच्या आतल्या जीवाणूला मारणाऱ्या औषधाचा पूर्वज, दोन्ही एकाच छपराखाली, एका वर्षाच्या अंतरानं तयार झाले. या दोघांचा शत्रू एकच आहे, हे कळायला मात्र पुढं चाळीस-पन्नास वर्षं गेली. सुब्बाराव १९४८ मध्येच वारले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचा फोटो मोठा हवा होता.

आता तुमच्या मनातला प्रश्न. असं रामबाण औषध आहे तर सरकार तेच का वाटत नाही? कारण ते महिनाभराहून जास्त दिवस रोज घ्यावं लागतं. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ते चालत नाही. अख्ख्या तालुक्याला रोज गोळी खाऊ घालणं कोणालाही जमणार नाही. म्हणून ते डॉक्टरांनी एखाद्या रुग्णाला तपासून द्यायचं औषध आहे. माझं भाषण ऐकून कोणी उद्या औषधाच्या दुकानात जाऊन ते मागू नये, ही हात जोडून विनंती.

गावासाठी उपाय वेगळा आहे. २००४ पासून देशात वर्षातून एकदा डीईसीच्या गोळ्या सगळ्यांना द्यायची मोहीम सुरू झाली. नंतर तिला अल्बेंडाझोलची जोड मिळाली. पुढं काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन हे तिसरं औषधही आलं. त्यात सुरुवातीच्या पाच जिल्ह्यांत महाराष्ट्रातलं नागपूर होतं आणि आपल्याकडचं यादगीरही. गंमत पाहा, आयव्हरमेक्टिनही मुळात मातीतल्या एका जीवाणूनं बनवलेलं. जपानमध्ये तो शोधणाऱ्या सातोशी ओमुरांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. जंतूला जगवणारा जीवाणू, आणि त्याच जंतूला मारणारं औषध देणाराही जीवाणूच!

या गोळ्या रक्तातली पिल्लं मारतात, मोठे कृमी सगळे मरत नाहीत. म्हणून दरवर्षी घ्याव्या लागतात. मोठा कृमी म्हातारा होऊन मरेपर्यंत त्याचं एकही पिल्लू डासाच्या तोंडी लागू द्यायचं नाही, एवढाच डाव आहे. गावातल्या किमान ६५ टक्के लोकांनी गोळ्या खरोखर पोटात घेतल्या तरच तो जमतो. पोटात, मंडळी! खिशात नव्हे, देवळीत नव्हे, तुळशीच्या कुंडीत तर अजिबात नव्हे. आशा ताई "माझ्यासमोर गिळा" म्हणते, ते तुमच्यावर संशय म्हणून नाही. पटावर शंभर टक्के आणि पोटात चाळीस टक्के झाले, तर वाटपाची ती सगळी वर्षं पाण्यात जातात.

दारात सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे, "मागच्या वेळी गोळी घेतली आणि ताप आला, डोकं धरलं, मळमळलं. धडधाकट माणसाला आजारी पाडता काय?" या प्रश्नाचं उत्तर जंतूच्या पोटातल्या जंतूत आहे. ज्याच्या रक्तात पिल्लं नाहीत, त्याला या गोळ्यांनी सहसा फारसं काही होत नाही. ज्याच्या रक्तात ती आहेत, त्याच्या अंगात ती एकदम हजारोंनी मरतात. मरताना त्यांच्या पोटातला वॉल्बाकिया रक्तात मोकळा होतो आणि शरीर त्याच्यावर तुटून पडतं. ताप येण्याचं हे एक मोठं कारण. म्हणजे तो ताप गोळीचा दोष नाही. आपल्या अंगात चोर होता आणि तो सापडला, याची ती दवंडी आहे. बहुधा एक-दोन दिवसांत ताप उतरतो. जास्त त्रास वाटला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात या.

आणि गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत. आधी पोटोबा, मग विठोबा, हे इथं अक्षरशः लागू. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि गंभीर आजारी माणसं यांना गोळ्या द्यायच्या नसतात. ज्याचा पाय सुजलेला नाही, तो म्हणतो मला कशाला? पण रक्तात पिल्लं असलेल्या बहुतेकांना काहीच लक्षण नसतं. शिरकाव बहुधा लहानपणी होतो, सूज दिसते ती पुढं मोठेपणी, आणि तोवर हा धडधाकट माणूस डासांना पिल्लं पुरवत असतो.

गोळ्या कायमच्या नाहीत. एखाद्या भागात त्या थांबवायच्या का, हे पाहण्यासाठी सहा-सात वर्षांच्या मुलांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासतात. मोहिमेच्या काळात जन्मलेल्या मुलांमध्ये रोग सापडला नाही, म्हणजे साखळी तुटली. देशानं त्यासाठी २०२७ हे वर्ष ठरवलं आहे. या मंडपात पुढच्या रांगेत बसलेली ही पोरं म्हणजे आपला निकाल आहेत.

डासांबद्दल दोन शब्द. क्युलेक्सला घाण पाणी आवडतं: तुंबलेली नाली, उघडा शोषखड्डा, संडासाची टाकी. टाकीच्या हवेच्या नळीला वर बारीक जाळी बांधायला दहा मिनिटं लागतात. त्या एका नळीतून रात्री किती डास बाहेर पडतात ते एकदा बॅटरी लावून बघा. गंमत म्हणजे डासातल्या वॉल्बाकियाचाही माणसानं उपयोग करून घेतला आहे. नरातला आणि मादीतला वॉल्बाकिया जुळला नाही तर अंडी फुटत नाहीत. १९६७ मध्ये ब्रह्मदेशात रंगूनजवळच्या ओक्पो गावात असे नर सोडून लावेन या शास्त्रज्ञानं तिथले क्युलेक्स जवळजवळ संपवले होते. डेंगीच्या डासांसाठी पुदुच्चेरीच्या केंद्रातही वॉल्बाकियाचं काम चाललं आहे. पण ते येईल तेव्हा येईल. तोवर जाळी, मच्छरदाणी आणि वाहती नाली.

शेवटी ज्यांना हा आजार आधीच झाला आहे त्यांच्याविषयी. सुजलेला पाय पूर्ववत होणं अवघड असतं, पण तो वाढू न देणं आपल्या हातात आहे. रोज साबणानं आणि स्वच्छ पाण्यानं धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, जखम दिसली की मलम लावा, बसताना पाय उंच ठेवा. पुरुषांमधली अंडवृद्धी हाही बहुतेकदा याच रोगाचा भाग असतो, आणि त्याची शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात होते. लाजेपायी माणसं धोतराआड वर्षानुवर्षं ते ओझं वागवतात, शेतातली कामं सोडतात, पोराच्या सोयरिकीत मागं बसतात. हे पाप नाही, शाप नाही, वंशाचा रोग तर नाहीच नाही. हा डासाचा रोग आहे. ज्या घरात हत्तीपायाचा रुग्ण आहे त्या घरची मुलगी नाकारणाऱ्यांनी हे नीट ऐकावं.

आपण गजाननाची पूजा करतो. हत्तीचं मस्तक आपल्याला मंगल वाटतं, तर हत्तीसारखा झालेला पाय घेऊन आरतीला येणाऱ्या माणसाला मंडपात मागच्या कोपऱ्यात उभं राहावं लागू नये. त्याला पुढं खुर्ची द्या. आणि मोहिमेच्या दिवशी आशा ताई दारात आली की जेवून तयार राहा, तिच्यासमोर गोळ्या गिळा.

एवढं बोलून आपली रजा घेतो. गणपती बाप्पा मोरया!